कुजलेलं गवत, उंदीर आणि बहिणीची वही

पुण्याहून भाच्याचा फोन आला. आवाज जरा घाबरलेला. म्हणाला, "मामा, आईला जी गोळी चालू आहे ती मुळात उंदीर मारायचं औषध आहे असा मेसेज फिरतोय. खरं आहे का? आईनं पण वाचलाय तो. कालपासून ती म्हणतेय की गोळी नको."

मी म्हटलं, खरं आहे. उंदराचं औषध आहे. आणि आईला सांग की आजची गोळी ठरल्या वेळेला घे, बाकीचं मी लिहून पाठवतो. तेच हे लिखाण. आमच्या घरातल्यांना माझी धाकटी बहीण कोण हे सांगायला नको, आणि ब्लॉगवरच्या मित्रांना एवढंच पुरे की तिच्या हृदयात १९९६ सालापासून एक कृत्रिम झडप आहे. तिची परवानगी घेऊन लिहितो आहे. "माझं नाव घालू नकोस आणि वजन लिहू नकोस" एवढ्या दोन अटी तिनं घातल्या आहेत.

आधी एक शब्द दुरुस्त करतो, शिक्षकी सवय. "रक्त पातळ करणारी गोळी" असं आपण सगळे म्हणतो, डॉक्टरही म्हणतात. पण या गोळीनं रक्त पातळ होत नाही. दुधात पाणी घालावं तसं काही घडत नाही. रक्त होतं तेवढंच दाट राहतं, फक्त ते गोठायला वेळ जास्त लागतो. ही निव्वळ शब्दांची हौस नाही. "रक्त पातळ झालं म्हणजे अशक्तपणा येणार" असं समजून गोळी सोडणारी माणसं मी स्वतः पाहिली आहेत. एकीबद्दल पुढे लिहिणारच आहे.

आता गवताची गोष्ट. १९२० च्या सुमारास कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या भागात गुरं विचित्र रीतीनं मरू लागली. शिंग कापलं, खच्ची केलं की जखमेतलं रक्त थांबायचंच नाही. कधी जखमही नसायची, आतल्या आत रक्तस्राव होऊन जनावर बसायचं ते उठायचं नाही. त्या भागात चाऱ्यासाठी 'स्वीट क्लोव्हर' नावाचं पीक नव्यानं लावू लागले होते. आपल्या मेथीच्या कुळातलं हे गवत, वाळलं की त्याला गोडसर वास येतो. फ्रँक स्कोफील्ड नावाच्या पशुवैद्यानं ओंटारियोत एक साधा प्रयोग केला. एकाच गंजीतल्या चांगल्या काड्या एका सशाला आणि बुरसटलेल्या काड्या दुसऱ्या सशाला घातल्या. पहिला जगला, दुसरा रक्तस्रावानं मेला. म्हणजे दोष गवतात नव्हता, बुरशीत होता.

या स्कोफील्डबद्दल थोडं विषयांतर करतो, सोलापूरकराला राहवणार नाही. हा माणूस त्याआधी कोरियात शिकवायला होता आणि १९१९ च्या कोरियन स्वातंत्र्य आंदोलनात त्यानं तिथल्या लोकांची बाजू जगापुढे मांडली. त्याची समाधी आज सोलच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत आहे. आपल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची चीनमध्ये आहे तशी. असो.

बुरसटलेला चारा टाकून द्या, असं सांगणं सोपं होतं. पण पुढे १९३० चं मंदीचं दशक आलं. ओला झालेला चारा फेकून द्यायची ऐपत शेतकऱ्याकडे नव्हती. हे आपल्याकडच्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. अवकाळी पावसात भिजलेली कडब्याची गंज दुष्काळी सालात कोण टाकून देईल? कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं हे आपल्या शेतकऱ्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. त्या गोऱ्या शेतकऱ्यांना मात्र हे पीकच नवीन होतं.

१९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिन राज्यातला एड कार्लसन नावाचा शेतकरी भर हिमवादळात सुमारे १९० मैल गाडी हाकत मॅडिसन शहरात आला. गाडीत एक मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त आणि बुरसटलेल्या चाऱ्याचा शंभर पौंडांचा ढीग. त्याला जायचं होतं सरकारी पशुवैद्याकडे. शनिवार असल्यानं ते कार्यालय बंद होतं. विद्यापीठाच्या जीवरसायन विभागाचं एक दार उघडं दिसलं, तिथे तो शिरला. आत कार्ल पॉल लिंक नावाचे प्राध्यापक होते. त्यांच्याकडेही त्या दिवशी देण्यासारखं काही नव्हतं. चारा बंद करा आणि जमलं तर जनावराला दुसऱ्याचं रक्त द्या, एवढंच ते सांगू शकले. कार्लसन आल्या रस्त्यानं परत गेला. पण त्या कॅनमधलं रक्त प्रयोगशाळेत राहिलं.

त्यातला विषारी पदार्थ वेगळा काढायला लिंक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना सहा वर्षं लागली. १९३९ च्या जूनमध्ये हॅरोल्ड कॅम्पबेल या विद्यार्थ्याला त्याचे स्फटिक मिळाले. गवताला गोड वास देणारं जे कूमरिन, त्याचं बुरशी रूपांतर करते आणि डायकूमरॉल तयार होतं. दोन-तीन वर्षांत ते माणसांच्या उपचारातही वापरून पाहिलं गेलं. त्याच कुळातली आणखी दीडएकशे रसायनं लिंक यांच्या प्रयोगशाळेत तपासली गेली. १९४५ साली छातीच्या आजारानं लिंक सहा महिने अंथरुणाला खिळले आणि पडल्या पडल्या उंदीर मारण्याच्या इतिहासावर वाचत बसले. (मास्तर माणसाला सुट्टी दिली तरी तो असंच काही तरी करतो.) यादीतलं ४२ क्रमांकाचं रसायन उंदरांसाठी उत्तम ठरेल असं त्यांच्या लक्षात आलं. संशोधनाला पैसे पुरवणाऱ्या संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याचं नाव पडलं वॉरफरिन, आणि १९४८ साली ते उंदरांसाठी बाजारात आलं. तेव्हा भाच्या, तुझ्या मेसेजमध्ये एवढं खरं आहे.

मेसेज लिहिणाऱ्यानं पुढचं मात्र सांगितलं नाही. १९५१ मध्ये अमेरिकन लष्करात नव्यानं भरती झालेल्या एका तरुणानं जीव द्यायचा म्हणून हे औषध काही दिवस ओळीनं खाल्लं. त्याला रुग्णालयात नेलं, रक्त आणि के जीवनसत्त्व दिलं, आणि तो पूर्ण बरा झाला. म्हणजे या विषाला उतारा होता, आणि तो हाताशी होता. १९५४ साली वॉरफरिन माणसांसाठी मंजूर झालं. १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा त्यांनाही तेच दिलं गेलं.

हा उतारा आला कोंबडीच्या पिलांकडून. डेन्मार्कचे हेन्रिक डाम यांनी १९२९ च्या सुमारास पाहिलं, की चरबी काढून टाकलेल्या खाण्यावर वाढवलेल्या पिलांना रक्तस्राव होतो. खाण्यात काय कमी पडतं ते शोधत १९३५ मध्ये त्यांनी त्या घटकाला के जीवनसत्त्व असं नाव दिलं. गोठण्याला तिकडच्या भाषेत जो शब्द आहे त्याचं पहिलं अक्षर क. हे जीवनसत्त्व भरपूर असतं हिरव्या पाल्यात. रक्त गोठवणारी काही प्रथिनं यकृतात तयार होतात, त्यांना ते लागतं. वापरलेलं के जीवनसत्त्व शरीर पुन्हा ताजं करून वापरतं आणि आपली गोळी नेमकं हे ताजं करण्याचं काम अडवते. आधी तयार झालेली प्रथिनं संपायला वेळ लागतो, म्हणून आज घेतलेल्या गोळीचा परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसतो. आज चुकलेल्या गोळीचाही तसाच. उद्या बरं वाटतंय म्हणजे सगळं ठीक आहे, हा हिशेब इथे चालत नाही.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो त्या मुद्द्याकडे येतो. विष तेच होतं, मग ते औषध झालं कशामुळे? माझ्या मते मोजमापामुळे. हे मोजमाप नीट व्हायलाच आणखी तीस वर्षं लागली.

रक्त गोठायला किती सेकंद लागतात हे मोजायची पद्धत आर्मंड क्विक या अमेरिकन डॉक्टरनं १९३५ मध्ये दिली. नळीतल्या रक्तात एक रसायन घालायचं आणि घड्याळ लावायचं. ते रसायन मेंदूच्या पेशींपासून बनवत. अमेरिकेत सशाच्या मेंदूपासून, इंग्लंडमध्ये माणसाच्या. प्रत्येकाची ताकद वेगळी. तेच रक्त एका ठिकाणी २० सेकंद दाखवी, दुसरीकडे ३०. आकडा कमी दिसला की डॉक्टर गोळी वाढवी. त्यामुळे अमेरिकेतल्या रुग्णांना युरोपपेक्षा जास्त मात्रा मिळत राहिली आणि रक्तस्रावही जास्त झाले. दोन्हीकडचे डॉक्टर पुस्तकाप्रमाणेच वागत होते.

माझ्या वयाच्या लोकांना शेर-पायलीचे दिवस आठवत असतील. एका गावची पायली दुसऱ्या गावी भरायची नाही. धान्य तेच, माप वेगळं, आणि मध्ये भांडण. १९५८ पासून आपल्याकडे किलो आला आणि तो वाद हळूहळू मिटला. रक्ताच्या बाबतीत हा किलो यायला १९८३ साल उजाडलं. प्रत्येक रसायनाची ताकद एका जागतिक प्रमाणाशी ताडून पाहायची आणि उत्तर त्या हिशेबात बसवून सांगायचं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं ठरवलं. त्या आकड्याला आयएनआर म्हणतात. गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसाचा तो १ च्या आसपास असतो. बहिणीचा अडीच ते साडेतीनच्या मध्ये हवा, कारण तिची झडप हृदयाच्या डाव्या बाजूची, मायट्रल आहे. तिथे गुठळीची भीती जास्त. आज ती सोलापुरात रक्त देवो की पुण्यात, २.८ चा अर्थ तोच. मला विचाराल तर लिंक यांच्या स्फटिकाइतकाच हा शोध मोठा आहे. पण मेंदूचा अर्क आणि गणित यांवर मेसेज कोण फिरवणार?

बहिणीची झडप खराब झाली ती संधिवाती तापानं. लहानपणी आम्ही आठ माणसं दोन खोल्यांत राहत होतो. घसा दुखला की मीठ-पाण्याच्या गुळण्या, एवढाच उपचार. घशातल्या एका जातीच्या जंतूनंतर हा ताप येतो, सांधे सुजतात, बरे होतात, आणि हृदयाच्या झडपेवर डाग राहतो. दाटीवाटीच्या वस्त्यांचा हा रोग आहे. गिरणगावात आणि विणकरांच्या वस्तीत माझ्या वर्गातही अशी दोन-तीन मुलं मी पाहिली. पळायच्या शर्यतीत ती मागे राहायची आणि आम्ही मास्तर लोक त्यांना आळशी म्हणायचो, कारण खरं काय ते कोणालाच ठाऊक नसायचं.

१९९६ मध्ये मुंबईला तिची शस्त्रक्रिया झाली. बसवलेली झडप भारतात बनलेली आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली. आधीचे तीन नमुने चाचण्यांत टिकले नाहीत, चौथा टिकला, आणि पहिली झडप ६ डिसेंबर १९९० रोजी माणसाला बसवली गेली. परदेशी झडपेच्या मानानं ती बरीच स्वस्त, म्हणून आमच्यासारख्यांना परवडली. रात्री घर शांत झालं की बहिणीच्या शेजारी बसलं तर बारीक टिकटिक ऐकू येते. नातवंडं तिला घड्याळआजी म्हणतात.

झडप आली तशी वही आली. शंभर पानी, रेघांची. तारीख, आयएनआर, गोळीचे मिलिग्रॅम, आणि शेवटच्या रकान्यात "विशेष". आता अकरावी वही चालू आहे. आपल्याकडे वॉरफरिनपेक्षा त्याचं भावंड असेनोकूमरॉल जास्त लिहून दिलं जातं. बहीण तेच घेते, संध्याकाळी सहाला. संध्याकाळची वेळ अशासाठी, की सकाळी तपासलेल्या रक्ताचा आकडा दुपारपर्यंत कळतो आणि त्या दिवसाची गोळी बदलायची तर बदलता येते.

या वह्या मी इतिहासाच्या कागदांसारख्या वाचल्या आहेत. दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत आकडा खाली घसरतो. २.९ चा २.२ होतो. कारण "विशेष" रकान्यातच आहे: वेळ अमावस्या. आमच्या भागात या दिवशी शेतात जाऊन भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे असं जेवण असतं, आणि भज्जीत शेंगदाणे, तूर-हरभऱ्याचे ओले दाणे यांच्याबरोबर मेथी, चुका, पालक, कांद्याची पात असा हिरवा पाला असतो. एका जेवणानं फार बिघडत नाही. पण तो पंधरवडाच हिरव्या भाजीचा असतो. घरोघरी मेथी, शेपू, हरभऱ्याचा पाला. म्हणजे डाम साहेबांचं के जीवनसत्त्व. सुरुवातीला कोणी तरी बहिणीला "पालेभाजी वर्ज्य" असं सांगितलं होतं आणि बिचारी दोन वर्षं मेथी न खाता राहिली. डॉक्टरांनी नंतर समजावलं, की खा, पण वर्षभर साधारण तेवढीच खा. गोळीची मात्रा तुझ्या खाण्याला जुळवून घेता येते, रोज बदलणाऱ्या खाण्याला जुळवता येत नाही. आता ती आठवड्यातून तीनदा पालेभाजी खाते, बाराही महिने. थंडीत एक तपासणी जादा.

वही का लागते याचा एक प्रसंग सांगतो. असेनोकूमरॉलच्या गोळ्या १, २, ३, ४ मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात. नाव एकच, पाकीट जवळपास सारखं. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून दोनच्या जागी चारची पट्टी आली. तिसऱ्या दिवशी दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं. सुनेनं वहीत लिहिताना पट्टीवरचा आकडा वाचला आणि ती ओरडलीच. त्याच दिवशी तपासलं तर आयएनआर ६.४. डॉक्टरांनी गोळी थांबवून दोन दिवसांनी पुन्हा रक्त पाहिलं, हळूहळू खाली आलं. तेव्हापासून घरात नियम आहे, की नवी पट्टी आणली की एकानं आकडा मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं वही पाहायची.

दुसरी भीती सुईची आणि अंगदुखीच्या गोळ्यांची. आमच्याकडे डॉक्टरनं सुई टोचली नाही तर उपचार झाल्यासारखंच वाटत नाही. या गोळीवरच्या माणसाला कमरेत सुई दिली तर स्नायूत रक्त साठू शकतं. गुडघेदुखीवर दुकानातून आणलेल्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो, आणि काही जंतुनाशकांनी आयएनआर आठवड्यात दुप्पट होतो. बहिणीच्या पर्समध्ये एक कार्ड असतं. कोणत्याही डॉक्टरपुढे बसली की आधी ते कार्ड टेबलावर.

आता ती दुसरी बाई. तपासणीच्या रांगेत बहिणीची एका तरुण मुलीशी ओळख झाली होती. तीही झडप बसवलेली, नवीन लग्न झालेली. दिवस गेले. घरात कोणी तरी सांगितलं, की या गोळीनं पोटातल्या बाळाला अपाय होतो. हे खोटं नाही. पहिल्या तीन महिन्यांत या गोळ्यांनी गर्भाच्या वाढीत दोष येऊ शकतो हे डॉक्टरांना १९६० च्या दशकापासून माहीत आहे. म्हणून अशा वेळी डॉक्टर बहुधा हेपॅरिनची इंजेक्शनं सुरू करतात किंवा स्वतः लक्ष ठेवून मात्रा बदलतात. तिनं मात्र कोणालाही न विचारता गोळी बंद केली, बाळासाठी. झडपेत गुठळी अडकली. दोघंही गेली. बहीण त्या दिवशी रांगेतून परत आली आणि तिनं वहीच्या "विशेष" मध्ये त्या मुलीचं नाव लिहिलं. अजून आहे ते. मेसेज वाचून तिनं गोळी नको म्हटलं तेव्हा मी फोनवर फक्त त्या पानाची आठवण करून दिली.

उंदरांचा एक धागा राहिलाच. १९५८ मध्ये स्कॉटलंडमधले काही उंदीर वॉरफरिनला दाद देईनासे झाले. म्हणून ब्रोमॅडिओलोनसारखी जास्त जालीम औषधं निघाली, जी आज आपल्याकडेही उंदरांसाठी मिळतात. ती माणसाच्या पोटात गेली तर परिणाम कित्येक आठवडे टिकतो, घरात लहान मुलं असतील तर जपा. २००४ मध्ये शास्त्रज्ञांना जे जनुक सापडलं, त्यातल्या फरकांमुळे उंदीर असे निबर होतात आणि त्यातल्याच फरकांमुळे एका माणसाला १ मिलिग्रॅम पुरतं तर दुसऱ्याला ४ लागतात. तेव्हा शेजारणीची मात्रा पाहून आपली ठरवू नये.

"आता नवीन गोळ्या आल्यात ना, तपासणीच नको" असं कंबर तलावावरच्या आमच्या फिरायच्या मंडळातले एक स्नेही म्हणाले. ते स्वतः तशी गोळी घेतात, हृदयाचे ठोके अनियमित आहेत म्हणून. त्यांच्यासाठी ती उत्तम आहे. २०१० पासून या नव्या गोळ्या आल्या आणि बऱ्याच लोकांची रांग सुटली. पण धातूच्या झडपेवर त्यातली एक वापरून पाहिली तेव्हा गुठळ्याही जास्त आणि रक्तस्रावही जास्त, म्हणून तो प्रयोग मध्येच थांबवावा लागला. २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आणि २०२२ मध्ये २४ देशांतल्या साडेचार हजारांवर रुग्णांचा अभ्यास आला, संधिवाती तापानं झडप बिघडलेल्या आणि ठोके अनियमित असलेल्या लोकांचा. भारतातले रुग्णही त्यात होते. नव्या गोळीपेक्षा जुनी गोळी घेणाऱ्यांत मृत्यू कमी निघाले. म्हणजे दाटीवाटीच्या घरांतून आलेल्या रोगाला अजून तरी कुजलेल्या गवतातलं औषधच बरं. स्नेह्यांना एवढंच म्हटलं, की तपासणी नाही म्हणून गोळी विसरू नका. तुमच्या गोळीचा परिणाम एका दिवसात उतरतो, आणि वर्षातून एकदा तरी मूत्रपिंडाची तपासणी करा. त्यांनी मान डोलावली. बघू.

बहिणीची एक दाढ हलते आहे, ती काढायची आहे. पूर्वी यासाठी आठवडाभर गोळी बंद करायला सांगत. आता आयएनआर मर्यादेत असेल तर बहुधा गोळी चालू ठेवूनच दात काढतात आणि जागेवर दाब देऊन, टाके घालून रक्त थांबवतात. दंतवैद्य आणि तिचे हृदयाचे डॉक्टर फोनवर बोलले आहेत. शनिवारी रक्त द्यायचं, आकडा वहीत लिहायचा, तो दोघांना कळवायचा. दाढ सोमवारी सकाळी.